उत्तरेची खोली वगळून

मंगळवार, १० जून २०२५. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी खोर फक्कान बंदरातून शेवटचा कंटेनर साइटवर आला. सील शाबूत होतं. आत बेचाळीस लाकडी पेट्या होत्या आणि कागदावरही बेचाळीसच. नोरा तुस्कानोने दोन ठिकाणी सही केली, ड्रायव्हरच्या हातात गार पाण्याची बाटली ठेवली आणि केबिनमध्ये येऊन एसीच्या झोतात उभी राहिली. बाहेर तेवढ्यातच एक्केचाळीस डिग्री झालं होतं.

हा एकसष्टावा कंटेनर. एकसष्ट कंटेनरांतून मिळून एक अख्खं घर आलं होतं. फ्रान्सच्या मध्यभागी, एका संथ नदीच्या काठी सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ उभं असलेलं जमीनदाराचं घर. दोन मजले, सव्वीस खोल्या, पाटीच्या दगडाचं उतरतं छप्पर, समोर लिंडनच्या झाडांची दुहेरी रांग, मागे गोल तळं. नाव ‘ला सोरेल’. साइटवर सगळे त्याला फ्रेंच बंगलाच म्हणत. इथल्या एका श्रीमंताला ते आवडलं, त्याने ते विकत घेतलं आणि एकेक दगड सुटा करून, त्यावर निळ्या रंगाने नंबर घालून इकडे आणवलं. खोर फक्कानपासून अकरा किलोमीटर आत, दुबईहून सव्वा तासावर, डोंगरांच्या मधल्या सपाटीवर ते जसंच्या तसं उभं करायचं होतं. लिंडन इथल्या उन्हात जगणार नाही म्हणून त्या जागी घाफची झाडं, एवढाच काय तो फरक.

नोरा त्या साइटची डॉक्युमेंट कंट्रोलर. कुठला कागद कुणाकडून आला, कुणाकडे गेला, कुठल्या ड्रॉइंगची कितवी आवृत्ती चालू आहे, हे सगळं तिच्याकडे. वसईजवळच्या गास गावची ही मुलगी बारा वर्षांपूर्वी दुबईत आली, तेव्हापासून तिच्या हातून एक कागद हरवला नव्हता. आता ती पस्तिशीला आली होती. नवरा बर दुबईतल्या एका हॉटेलात, नऊ वर्षांची लॅरिसा शाळेत, घर अल कुसैसला. रोज जाऊन-येऊन अडीच तास.

आणि मार्चपासून गाडीत शेजारच्या सीटवर ॲड्रियन. तिचा धाकटा भाऊ, वय सव्वीस. वसईच्या जुन्या चर्चांच्या डागडुजीत तो दगडकाम शिकला. हात सोन्यासारखा, पण कुठलंच काम त्याने कधी शेवटाला नेलं नव्हतं. मध्येच कंटाळायचा, मध्येच प्यायला बसायचा. वडील गेल्यावर आईने फोनवर नोराला एवढंच सांगितलं होतं, “त्याला तुझ्या हवाली करते. माणसात आण आणि नाताळाला मला परत आणून दे.” नोराने शब्द दिला आणि साहेबांच्या पाया पडून त्याला गवंड्यांच्या टोळीत घेतलं.

थोरल्या बहिणीला तो घरच्या रीतीने ‘बाय’ म्हणायचा.

“बाय, तुझे कागद जेवले का? नाहीतर माझ्या डब्यातली सुकट दे त्यांना.”

“तू आधी हेल्मेट घाल.”

“घातलं. डोक्यात हवाच जात नाही, म्हणून तर तुझ्यासारखा शहाणा झालोय.”

प्यायचं त्याने सोडलं होतं. सकाळी साडेपाचला तिच्या आधी उठून बसायचा. नोराला आणखी काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी, ११ जूनला, तिने दगडांची यादी पेट्यांशी ताडून पाहिली. यादीत अकरा हजार चारशे बासष्ट नंबर होते. पेट्यांत दोनशे चौदा दगड कमी भरले. आणि ते इकडचे-तिकडचे नव्हते. ८८०१ ते ९०१४, सलग. यादीत त्यांची लांबी, रुंदी, उंची व्यवस्थित लिहिली होती, फक्त ‘पेटी’च्या रकान्यात आडवी रेघ होती. ड्रॉइंगवर पाहिलं तर घराच्या उत्तरेच्या भिंतीला लागून एक लहानशी खोली बारीक तुटक रेषेने दाखवलेली. सव्वातीन मीटर बाय अडीच. घराच्या त्या भिंतीतून दगडांचे दातही बाहेर काढून ठेवलेले होते, पुढची भिंत सांधण्यासाठी गवंडी ठेवतात तसे.

नोराने शॉर्टेज रिपोर्ट बनवला. दगड वाटेत हरवले असावेत असं त्यात लिहिलं, घर सुटं करून पाठवणाऱ्या फ्रान्सच्या कंपनीला पाठवला आणि खाली नेहमीचं वाक्य टाकलं: सात दिवसांत उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असं धरून पुढील काम केलं जाईल. इथल्या प्रत्येक साइटवरच्या प्रत्येक पत्राखाली हे वाक्य असतं. ते नसेल तर इथे एक भिंत उभी राहायची नाही.

१८ जूनला सात दिवस झाले. उत्तर आलं नाही.

“मग वाट कसली बघता?” शैलेंद्र सर म्हणाले. ते प्रोजेक्ट मॅनेजर, नागपूरचे, बोलताना कायम एका कानाला फोन. “मापं आहेत ना आपल्याकडे? रास अल खैमाच्या खाणीतून तसाच फिकट दगड कापून घ्या. मालक सप्टेंबरमध्ये येणार. त्यांना एक खोली कमी दाखवू का मी? यल्ला, चला, नोरा मॅडम.”

दगड ३० जूनला आले. नोराने स्वतः उभं राहून त्यांच्यावर निळ्या रंगाने नंबर घालून घेतले. खोली रचायचं काम ॲड्रियनने मागून घेतलं.

तोवर उन्हाची सुट्टी सुरू झाली होती. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर कुणी काम करायचं नाही, हा इथला कायदा. साडेबाराला भोंगा झाला की सगळे पत्र्याच्या एसी शेडमध्ये जायचे. सेफ्टी ऑफिसर मुनीर, केरळचा, दारात उभा राहून माणसं मोजायचा. चौसष्ट आत. तीनला पुन्हा मोजायचा. चौसष्ट बाहेर. मधले अडीच तास साइटवर चिटपाखरू नसायचं. क्रेन थांबलेली, मिक्सर थांबलेला, अर्ध्या उभ्या भिंतींच्या सावल्या पायाशी गोळा झालेल्या.

नोरा त्या वेळात केबिनमध्ये घराचा इतिहास लिहीत बसायची. पाहुण्यांच्या खोल्यांत ठेवायला मालकाला एक पुस्तिका हवी होती आणि तिचं इंग्रजी चांगलं म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं होतं. फ्रान्सहून खोकंभर कागद आले होते, सोबत त्यांचा इंग्रजी तर्जुमा. १६८८ साली मिठाच्या कराच्या एका अधिकाऱ्याने घर बांधलं. पुढे ते चारदा विकलं गेलं: १७०२, १८०९, १८८८ आणि १९५१. चारही खरेदीखतांत घर, बाग, फळझाडं, तळं, तळ्यातले मासे, कबुतरांचा मनोरा, सगळं नाव घेऊन लिहिलेलं होतं. आणि चारही खतांत शेवटी तेच तीन शब्द. उत्तरेची खोली वगळून.

जुन्या कागदांना असली शेपटं असतातच. गासला आजोबांच्या सातबाऱ्यावरही एका तोडलेल्या चिंचेची नोंद होती. नोराने ते वाक्य पुस्तिकेतून गाळलं.

८ जुलैला फ्रान्सहून उत्तर आलं. खोलीच्या तिन्ही भिंती तोवर दाराच्या चौकटीच्या वर गेल्या होत्या. पत्र दोनच ओळींचं होतं. हे दगड हरवलेले नाहीत. कृपया भिंतीतले दात आहेत तसे राहू द्यावेत.

“आता?” नोराने विचारलं.

शैलेंद्र सरांनी पत्र वाचलं आणि तारीख पाहिली. “सत्ताविसाव्या दिवशी उत्तर देतात. खलास. फाइल करा.”

तिने फाइल केलं.

गुरुवारी, १० जुलैला, खोलीवर लाकडी तुळया आणि पाटीचं छप्पर चढलं. त्याच दिवशी मुनीर तापमान मोजायचं यंत्र घेऊन साइटभर फिरत होता. उन्हात सेहेचाळीस. घराच्या मोठ्या दिवाणखान्यात एक्केचाळीस. उत्तरेच्या खोलीत सतरा.

त्याने यंत्र झटकलं, बॅटरी बदलली, पुन्हा आत गेला. सतरा.

“मॅडम, इसमें एसी तो नहीं लगाया ना किसी ने?” तो केबिनच्या दारातून म्हणाला. हसत होता, पण यंत्र त्याने टेबलावर ठेवलं ते तिच्याकडे सरकवून ठेवलं, जणू ते त्याला नको होतं.

नोरा बघायला गेली. दारातून आत पाऊल टाकताच घाम अंगावरच थंड झाला. वास ओल्या पाचोळ्याचा. गेल्या पावसाळ्यात ती गावी गेली होती, पण हा वास तिथला नव्हता. गावच्या पावसाला मिठाचा वास असतो. हा गोड, कुजकट, जुना. तिने भिंतीला हात लावला. दहा दिवसांपूर्वी रास अल खैमाच्या उन्हातून आलेला दगड विहिरीच्या आतल्या बाजूसारखा लागला.

“मस्त ना, बाय?” ॲड्रियन मागे उभा होता. “जाड भिंती आहेत. जुन्या लोकांना अक्कल होती.”

कारण पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारच्या सुट्टीत तिथेच पडू लागला. मोजणीला शेडमध्ये हजर व्हायचा, मग मुनीरची पाठ वळली की निसटायचा, तीनला भोंग्याआधी परत. नोराला कळलं तेव्हा ती रागावली, पण फार नाही. त्या टोळीतले इतर लोक कुठे कुठे जाऊन काय काय करत होते ते तिला ठाऊक होतं. हा निदान झोपत होता.

मंगळवारी, १५ जुलैला, घरी जाताना गाडीत त्याने फोन तिच्यासमोर धरला.

“हे बघ, तुझा भाऊ फॉरेन रिटर्न झाला.”

साइटवर सगळ्यांच्याच फोनवर ‘ओमानमध्ये आपलं स्वागत आहे’ असा मेसेज यायचा. डोंगरापलीकडे ओमानच्या हद्दीचा एक तुकडा आहे, तिथलं नेटवर्क कधी कधी पकडतं. त्यावर रोज विनोद व्हायचे. ॲड्रियनच्या फोनवरचा मेसेज मात्र फ्रान्समध्ये स्वागत करत होता. आलेला दुपारच्या सुट्टीत, पण वेळ दहा बेचाळीस.

“दुपारची दहा बेचाळीस?” नोरा म्हणाली.

“फोनने टाइम आपोआप बदलला. दोन तास मागे. बाहेर आलो की परत बरोबर.”

“मामा वेन्ट टू पॅरिस इन हिज स्लीप,” मागच्या सीटवरून लॅरिसा म्हणाली. त्या दिवशी क्लासवरून तिला वाटेत घेतलं होतं.

“पॅरिसला नाही गं,” तो म्हणाला. “तिथे शेत आहे. मोकळं. मधोमध गवत उगवलेलं नाही, बस.”

नोराने रस्त्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

“कुठे?” तिने विचारलं.

“स्वप्नात गं. झोपलो की तेच दिसतं.”

त्यानंतर तो कमी बोलू लागला. विनोद थांबले. जेवण निम्म्यावर आलं. घरी आला की बाल्कनीत उभा राहून रहदारीकडे बघायचा आणि बोटं सारखी हलत असायची, चुना सारखा करताना हलतात तशी. इग्नेशियसने, नोराच्या नवऱ्याने, एकदा हळूच त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. दारू नव्हती. त्याच्या बुटांना मात्र चिखल होता. काळा, ओला, मुळांचे धागे असलेला. साइटवर कुठेच चिखल नव्हता. तिथे पिवळट धुरळ्याखेरीज काहीच नव्हतं.

“उद्यापासून त्या खोलीत जायचं नाही,” नोराने सांगितलं.

“तिथे काम आहे, बाय.”

“खोली झाली. आता कसलं काम?”

“इथली झाली,” तो म्हणाला.

२४ जुलैला, पुस्तिकेसाठी शेवटचे कागद चाळताना, तिला त्या फ्रेंच गावच्या पाद्र्याच्या नोंदवहीची दोन पानं सापडली. पहिलं १८१० सालचं. नव्या मालकाने उत्तरेची खोली बांधवली. गवंडी काम सोडून गेला, घरच्यांना ठाऊक नाही. खोली पाडली. दुसरं १८८९ सालचं, दुसऱ्या पाद्र्याच्या अक्षरातलं. नव्या मालकाने उत्तरेची खोली बांधवली. गवंडी काम सोडून गेला, घरच्यांना ठाऊक नाही. खोली पाडली.

मध्ये एकोणऐंशी वर्षं होती. वाक्यं तीच होती.

नोराने बारा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. सोमवारी, २८ जुलैला, स्वतःचा रिपोर्ट मागे घेतला. दगड हरवले नव्हते, ते मुळात द्यायचेच नव्हते, यादी वाचण्यात चूक माझी, खोली मूळ घराचा भाग नाही, सबब ती काढावी. खाली सही, तारीख. नोकरी जाईल याची तिला कल्पना होती.

शैलेंद्र सरांनी कागद दोनदा वाचला. “तुमची चूक? तुमची?”

“हो सर.”

“काय झालंय, खरं सांगा.”

“माझ्या भावाला परत आईकडे न्यायचंय, सर. एवढंच.”

त्यांनी कानाचा फोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “मीही परवा आत गेलो होतो. फोन करायला. बाहेर आलो तर तास गेला होता. मला वाटलं पाच मिनिटं.” त्यांनी कागदावर सही केली. “बुधवारी. उन्हाची सुट्टी संपली की तीनला टोळी लावतो. संध्याकाळपर्यंत दगड खाली.”

बुधवार, ३० जुलै. साडेबाराला भोंगा झाला. मुनीरने मोजले. चौसष्ट. नोराने आपल्या डोळ्यांनी ॲड्रियनला शेडमध्ये जाताना पाहिलं. त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मुनीरला तिने सगळं सांगून ठेवलं होतं. मुनीर खुर्ची घेऊन दारात आडवा बसला.

ती स्वतः छत्री आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन उत्तरेच्या खोलीसमोर बसली. दार तिच्यापासून तीन पावलांवर. आत जायला दुसरी वाट नव्हती.

एक वाजला. सव्वा वाजला. दगडांवरून हवा थरथरत होती. पाठीला ऊन, तोंडाला खोलीतून येणारा गारवा. डोंगरावर एक बकरी ओरडून गप्प झाली.

एक पन्नासला आतून आवाज आला. छिन्नीचा. तीन हलके, एक जोराचा.

ती उठून दारात गेली. खोली रिकामी होती. चार भिंती, तुळया, फरशी.

तीन हलके, एक जोराचा.

आवाज खोलीतला नव्हता. खोलीतून येत होता, पण लांबून, मोकळ्यावरून आल्यासारखा.

“ॲडी?”

आवाज थांबला.

“आलोच, बाय.” स्वर नेहमीचा होता. कामात असताना कुणी जेवायला हाक मारली की तो देतो तसा. “एवढा थर संपवतो.”

ती शेडकडे धावली. मुनीर दारातच होता, खुर्ची हललेली नव्हती. तो तिच्याकडे बघून उठला. तिने आत पाहिलं. बाकावर हेल्मेट होतं.

“कोई बाहर नहीं गया, मॅडम,” मुनीर म्हणाला. “मैं कसम खाता हूँ. मैंने पलक नहीं झपकाई.”

त्याने मोजले. त्रेसष्ट.

पुन्हा मोजले. त्रेसष्ट.

तीन वाजता टोळी पहारी आणि घण घेऊन खोलीपाशी आली. नोरा दारात उभी होती. दोन्ही हात चौकटीवर.

“बाजूला व्हा, मॅडम,” शैलेंद्र सर म्हणाले.

“नाही.”

“तुम्हीच लिहून दिलंय.”

“माझा भाऊ आत आहे.”

त्यांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. “आत कुणी नाही, नोरा.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “पण तो परत येईल तो कुठून?”

मग टोळीतल्या नूरुद्दीनने, सगळ्यांत वयस्क गवंड्याने, हातातली पहार जमिनीवर ठेवली. बाकीच्यांनीही ठेवल्या.

त्यापुढचं सगळं कागदावर आहे. पोलिसांनी दोन दिवस साइट, डोंगर आणि रस्ते पाहिले. गेटच्या कॅमेऱ्यात ॲड्रियन बाहेर पडताना दिसत नाही. त्याचा पासपोर्ट अल कुसैसच्या कपाटात आहे. १० ऑगस्टला कंपनीने नियमाप्रमाणे कळवलं की सदर कामगार काम सोडून गेला आहे. आईला नोराने पहिले तीन आठवडे सांगितलं की त्याचा फोन बिघडलाय. मग खरं सांगितलं. आई म्हणाली, “काम सोडून गेला? नेहमीसारखा?” नोराने हो म्हटलं.

तिची नोकरी गेली नाही. मालक सप्टेंबरमध्ये आला, उत्तरेच्या खोलीत दोन मिनिटं उभा राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला की ती कुलूप लावून ठेवा. किल्ली नोराकडे आहे. खोली पाडावी अशी पत्रं फ्रान्सहून दोनदा आली. दोन्ही वेळा तिने उत्तर दिलं की विषय विचाराधीन आहे. रोज साडेबाराला ती कुलूप काढते आणि तीनला लावते. उन्हाची सुट्टी संपून दोन महिने होत आले. साइटवर आता दिवसभर काम चालतं आणि आतला आवाज ऐकू येण्याजोगी शांतता तिथे कधीच नसते.

१४ ऑक्टोबरला एक वेगळं पत्र आलं, ला सोरेल जिथे होतं त्या गावच्या नगरपालिकेतून. घर उचलून नेल्यावर ती जागा मोकळी आहे, एक शेतकरी तिथे गुरं चारतो. ऑगस्टपासून तिथे बांधकाम सुरू असल्याचं त्याने कळवलंय. दगड या भागातला नाही. काम करणारं कुणी अद्याप दिसलेलं नाही, मात्र सकाळी साडेदहा ते एकच्या दरम्यान छिन्नीचा आवाज येतो. आपल्या कंपनीचा माणूस असल्यास त्याच्यासाठी रीतसर परवाना घ्यावा, ही विनंती. पत्र सभ्य होतं. सात दिवसांत उत्तर मागितलं होतं.

नोराने त्याच दिवशी उत्तर दिलं. माणूस आमचाच आहे, असं लिहिलं. काम थांबवू नये आणि फोटो पाठवत राहावेत.

नगरपालिकेची सचिव दर सोमवारी एक फोटो पाठवते. फ्रान्सच्या व्हिसासाठी नोराला २४ नोव्हेंबरची वेळ मिळाली आहे. त्याआधीची तारीख उपलब्ध नाही.

ताजा फोटो १० नोव्हेंबरचा आहे. धुकं, ओलं गवत, मध्ये सव्वातीन बाय अडीचची चौकोनी भिंत. नोराने तो मोठा करून नूरुद्दीनला दाखवला. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. बाहेरच्या बाजूने सांध्यांतला चुना फुगून ओघळलाय, त्याच्यावर थापी फिरलेली नाही, तो म्हणाला. याचा अर्थ गवंडी आत उभा राहून रचतोय.

भिंत आता खांद्याइतकी उंच आहे. चारही बाजूंनी सारखी. दाराची जागा सोडलेली नाही.